वृषभ आयाची पेटी

बुधवार, २२ ऑक्टोबर. बलिप्रतिपदा. सकाळी.

यंदा ओवाळणीच्या ताटात साडी नाही, घोषणा टाकली. महेश्वरीच्या गिटारच्या ॲम्प्लिफायरला अस्सल लाकडाची नवी पेटी, माझ्यातर्फे, पाडव्यानिमित्त. निरांजनाची ज्योत हलली. ती बहुधा पंख्याने.

आई कोपऱ्यातून म्हणाली, पेटीत काय ठेवायचं? सांगितलं, आवाज. ती म्हणाली, आवाज तर घरभर हाय, पेटीत कसा मावंल. काशम्मा हे नाव धारण करणाऱ्या या बाईने अठ्ठ्याहत्तर वर्षांत एकाही उत्साहाला जामीन दिलेला नाही.

वही कुणी वाचणार नाही, तरी संदर्भ असावा. पत्नी बँकेत. पन्नाशीची. लग्नाआधी कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची म्हणे. गेल्या वर्षी पुन्हा धरली. साउंड सर्व्हिसवाल्या शाकीरच्या ग्रुपात जाते. जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याच्याचकडून घेतला. त्याची पेटी भुशाच्या बोर्डाची. पावसाळ्यात फुगली, कोपरे सुटले, स्क्रू धरेनासे झाले. २१ डिसेंबरला करमाळ्यात त्यांचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. लग्नानंतरचा तिचा पहिलाच.

तिच्या अपेक्षा: पेटी हलकी हवी. वर हँडल हवं. मला एकटीला उचलता यावी. बास.

अगदीच माफक. दोन महिने आहेत. संकल्प: या विषयाचा कसलाही ताप तिला होऊ द्यायचा नाही. सगळं मी बघणार.

रविवार, २६ ऑक्टोबर.

जुन्या पेटीची मापं घेतली. रुंदी अठरा इंच, उंची तेवीस. सहज म्हणून गुणाकार केला. आठने भागला. बाकी सहा.

सहा म्हणजे खर. गाढव.

आपल्याकडे घर बांधताना, देव्हारा करताना, दोन बाजूंच्या गुणाकाराला आठने भागून उरलेल्या बाकीवरून आय काढतात. ध्वज, सिंह, वृषभ, गज हे चांगले. धूम, श्वान, खर, काक हे वर्ज्य. म्हणजे ही बाई वर्षभर गाढवाच्या आयात गिटार वाजवते आहे, आणि मी आपला उगाच वादनाला दोष देत होतो.

रुंदी एक इंच वाढवून पाहिली. एकोणीस गुणिले तेवीस. बाकी पाच. वृषभ! आपलं घर शिवाचं, आणि पेटीत साक्षात नंदी येऊन बसला. याला योगायोग म्हणणारे म्हणोत.

महेश्वरीला सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, इंचभराने काही बिघडत नाही, फक्त टेम्पोत मावू दे. टेम्पो! मी मुळाशी गेलो आहे आणि ही टेम्पोत.

बुधवार, २९ ऑक्टोबर.

विजापूर वेशीजवळ पीरसाब मिस्त्रींचं दुकान. चौकटी, दरवाजे, देव्हारे. जाताना ठरवून गेलो होतो की आपण कमी बोलायचं. त्याची गरज पडली नाही. ते थांबलेच नाहीत.

म्हणाले, "सर, डबे बनवनारे लई हायत. आपन दरवाजे बनवतो. दुधनीत एका सावकाराचा दरवाजा दिला. सावकार गेला, पोरगा गेला, धंदा गेला, दरवाजा हाय तसा उबा हाय."

असा माणूस हवा होता.

त्यांनी शिसवाची फळी दाखवली. काळी, नितळ, थंड. बोटाने ठोकली तर मंदिरातल्यासारखा नाद. जाडी दीड इंच. जरा पातळ चालेल का, असं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. दीड इंचाच्या खाली ते रंधा लावत नाहीत.

वजनाबद्दल ओझरतं विचारलं. म्हणाले, लाकडाला वजन असतंच सर, इज्जत असते ती.

विचार पटला. महेश्वरी हलकी म्हणाली होती, पण हलकं हे सापेक्ष आहे. लोखंडाच्या मानाने शिसव कितीतरी हलकं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. संध्याकाळी.

मंगळवार, गुरुवार, शनिवार तिची प्रॅक्टिस. बँकेतून परस्पर शाकीरच्या गोडाऊनवर. येते तेव्हा आमची जेवणं उरकलेली. डब्यात कडक भाकरी असते, शेंगाचटणी असते, आमटी ती सकाळीच करून जाते. मी तक्रार करत नाही. फक्त नोंद.

एक योजना सुचली आहे. पेटी उत्तम झाली की ग्रुपला आपल्याच हॉलमध्ये प्रॅक्टिसला बोलावता येईल. तिला या वयात रहदारीतून स्कूटर मारत हिंडायला नको. पुढे महिन्यातून एकदा घरीच बैठक. निवडक श्रोते. सुरुवातीला वीस मिनिटं माझं प्रास्ताविक, नादाची उत्पत्ती या विषयावर. मग ती वाजवेल.

प्रास्ताविकाचं पहिलं पान लिहून झालं. अजून विश्व उत्पन्न व्हायचं आहे. गिटार बऱ्याच पुढे.

रविवार, ९ नोव्हेंबर.

पीरसाबनी सुरुवात केलेली नाही. लग्नसराई आहे, कुणाचा तरी पलंग अडला आहे. मी म्हटलं, घाई नाही. घरी सांगितलं, काम जोरात चालू आहे. एका अर्थी खरंच आहे. पलंगाचं चालू आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर.

जुन्या पेटीचं हँडल काल जिन्यात निखळलं. पेटी तिच्या पावलावर आली. पाऊल सुजलं आहे. आईने हळद उगाळून लावली आणि माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मीच जिन्यात उभा होतो.

महेश्वरीने विचारलं, नवी कधी मिळेल. मी म्हटलं, कलेला तारीख देता येत नाही. ती म्हणाली, कार्यक्रमाला दिलेली आहे.

थोडी चिडचिडी झाली आहे. स्टेजची भीती असावी.

मग तिने मी काढलेलं नव्या पेटीचं चित्र मागितलं. मागची बाजू मी बंद दाखवली होती. म्हणाली, व्हॉल्व्ह तापतात, मागून उघडी लागते. सांगितलं, गाभाऱ्याला मागून दार नसतं. ती शांतपणे पाय शेकत बसली. शेवटी मीच नमतं घेतलं: मागे जाळी. ऐकण्याची तयारी असली की संसार सोपा होतो.

पीरसाबना जाळीचं सांगितल्यावर ते खुलले. कमळं काढणार आहेत.

रविवार, २३ नोव्हेंबर. उत्तम दिवस.

पेटीची पुढची चौकट उभी राहिली. पीरसाबचा रिवाज असा की नारळ फुटल्याशिवाय आणि टॉवेल-टोपीचा मान मिळाल्याशिवाय ते चौकट बसवत नाहीत, मग ती बंगल्याची असो की कशाची. मला हे फार आवडलं. आईला रिक्षाने घेऊन गेलो. तिने चौकटीला हळदकुंकू लावलं, सुपारी आणि हळकुंड पिवळ्या फडक्यात बांधून कोपऱ्याला गाठ मारली. मग वाकून आत बघितलं आणि विचारलं, "दार कुटं हाय ह्येला?"

पीरसाब म्हणाले, "आज्जी, दार नाय. हितनं गाना भायेर येतो."

आई म्हणाली, मग बरं हाय, ते तरी भायेर जाईल.

महेश्वरीला कळवलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तिला कशाला त्रास.

शनिवार, २९ नोव्हेंबर.

पाव इंच.

ॲम्प्लिफायरचा लोखंडी सांगाडा सव्वासोळा इंच. पेटी बाहेरून एकोणीस. दोन्ही बाजूंची दीड-दीड इंच जाडी वजा जाता आत सोळा. पाव इंचाने यंत्र बाहेर.

पीरसाब म्हणाले, लोखंड कानशीने घासू. मी म्हटलं, लाकूड आतून तासू. दोघांनी एकमेकांच्या वस्तूचा त्याग करण्याची तयारी दाखवली, पण जमलं नाही. तासलं तर जोड ढिले होतील, असं त्यांचं म्हणणं. चूक कुणाची? माझ्या मते कुणाचीच नाही. जाडी हा लाकडाचा स्वभाव आहे.

तिथेच बसून नवं माप काढलं. एकवीस गुणिले पंचवीस. पाचशे पंचवीस. बाकी पाच. पुन्हा वृषभ! इतक्या संकेतांनंतरही शंका घेणारा माणूस करंटाच म्हणायचा.

दुसरी पेटी करायला घेतली. पहिली अक्कलकोटच्या एकाने देव्हाऱ्यासाठी मागितली आहे. घरी सांगितलं, किंचित वाढवली आहे.

मंगळवार, २ डिसेंबर.

एक अडचण. यंत्र आणि स्पीकर मापासाठी दुकानात काढून ठेवले आहेत. महेश्वरी म्हणाली, नवी होईपर्यंत ते जुन्याच पेटीत परत घालून आणा, प्रॅक्टिस खोळंबते.

जुनी पेटी आता नाही. पीरसाबच्या दुकानात तिच्यावर चहा झाला. तीनदा. मीही प्यायलो. भुशाचा बोर्ड, फार वेळ जळला नाही.

हे तिला काल जेवताना सौम्य शब्दांत सांगितलं. म्हटलं, तिचं कार्य संपलं होतं. ती ताटावरून उठली नाही, पण हात थांबला. मग आईला भाकरी मोडून दिली, माझ्या ताटात आमटी वाढली, सगळं नेहमीसारखं.

सध्या ती शाकीरच्या गोडाऊनवर गिटार थेट मिक्सरला जोडून वाजवते आहे. अशा उघड्यावाघड्या आवाजात. वाईट वाटतं.

संकल्प: पेटी १० तारखेच्या आत. मिस्त्रींना कडक शब्दांत सांगायचं.

मंगळवार, ९ डिसेंबर.

कडक शब्दांत सांगायला गेलो. जाळी पाहिली. कमळं, कमळांवर भुंगे, भुंग्यांना मिशा. शब्द विरघळले. मागून कुणाला दिसणार नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, अल्ला बघतो की.

पॉलिशचे पाच हात झाले. थंडीमुळे वाळत नाही. अजून दोन देणार.

प्रास्ताविकाची नऊ पानं झाली. विश्व उत्पन्न झालं. आता वीणा.

रविवार, १४ डिसेंबर.

पेटी आली.

छोट्या टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून. चौघांनी पहिल्या मजल्यावर चढवली. जिन्याच्या वळणावर दोनदा टेकवली, एकदा भिंतीचा पोपडा काढला, समोरच्या काकूंना वाटलं आमच्याकडे तिजोरी आली. पीरसाब मागून सूचना देत होते, बहुतेक सगळ्या वेळाने पोचत होत्या. हॉलमध्ये ठेवल्यावर सगळे दोन पावलं मागे सरून बघत राहिले. पेटी तशीच आहे. काळी, तुळतुळीत, गंभीर. वर पितळी हँडल, वाड्याच्या दिंडीदरवाजाला शोभेलसं. चौकटीच्या कोपऱ्यात पहिल्या पेटीवरून काढून बांधलेली आईची पिवळी गाठ. यंत्र आत अलगद बसलं. माझे डोळे पाणावले. आईने विचारलं, टीव्ही आता कुटं ठेवायचा.

दुपारी महेश्वरी रविवारच्या जादा प्रॅक्टिसहून आली. चप्पल काढायची विसरली. पेटीभोवती फिरली, लाकडावर हात फिरवला, जाळी वाकून पाहिली. म्हणाली, "सुंदर झालीय." खरंच म्हणाली. तसंच लिहितो आहे.

मग तिने हँडल धरलं. एका हाताने. मग दोन्ही हातांनी. पाय रोवून. पेटीने काहीही केलं नाही.

ती खुर्चीवर बसली. मी बोलत राहिलो. शिसवाचा नाद, वृषभ आय, जाडीचं महत्त्व. म्हटलं, ही न्यायची वस्तूच नव्हे, लोक हिच्याकडे येतील. तिने विचारलं, कोण येणार आहे इथं? मग मी योजना सांगितली. घरची प्रॅक्टिस, महिन्याची बैठक, निवडक श्रोते, प्रास्ताविक. तिने सगळं ऐकून घेतलं. हिशेब तपासताना ऐकते तसं.

शेवटी म्हणाली, "अहो, मी जाऊ नये असं वाटतंय का तुम्हाला? तसं सरळ सांगा ना."

मी थक्क झालो. दोन महिने मी हिच्या कार्यक्रमासाठी राबतो आहे. विजापूर वेशीच्या किती फेऱ्या झाल्या. म्हटलं, याचा इथे संबंध काय. ती म्हणाली, मी तीनच गोष्टी मागितल्या होत्या. मी म्हटलं, हँडल आहे की.

ती हसली. मग आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत होता. पाण्याचा दिवस नव्हता आज, टाकी अर्धी झाली.

थकली आहे. बाकी काही नाही.

बुधवार, १७ डिसेंबर.

शाकीर येऊन गेला. पेटीशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला, मित्रांना पाठवला. मग डोकं खाजवत म्हणाला, सर, हिला चार मानसं लागतील, अन् टेम्पोत ड्रम हायत, स्पीकर हायत, आमी हाय. मॅडम डायरेक्ट मिक्सरला लावतील, चालतंय की.

मी त्याला विचारलं, आवाजाच्या देहाचं काय. तो म्हणाला, करमाळ्याची मानसं सांभाळून घेतील.

महेश्वरी चहा देऊन आत गेली. या चर्चेत तिने भाग घेतला नाही.

संकल्प: पेटी मी स्वतः स्वतंत्र वाहनाने करमाळ्याला नेणार. ऐन वेळी पडदा उघडेल आणि स्टेजवर पेटी. तिचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पीरसाबना चार माणसांसाठी फोन केला. माणसं पलंग पोचवायला गेली आहेत. तोच पलंग.

शुक्रवार, १९ डिसेंबर.

टेम्पोत पेटीची जागा मोकळी राहिली, म्हणून महेश्वरीने आईला विचारलं, येताय का. आई लगेच तयार. कमळाभवानीचं दर्शनही होईल म्हणाली. गुडघे, दम, थंडी, यातलं काहीही आज आठवलं नाही.

महेश्वरी मला म्हणाली, "तुम्ही येणार असाल तर उद्यापर्यंत सांगा. शाकीर बसायचं बघेल."

म्हटलं, पेटीचं काय होतं ते बघून ठरवतो.

शनिवार, २० डिसेंबर.

माणसं मिळाली नाहीत.

तिने पुन्हा विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. नवरा म्हणून जायचं झालं तरी थोडा आग्रह असावा लागतो. शिवाय अकरावीचे पेपर तपासायचे आहेत. संस्कृतला यंदा विद्यार्थी सात. पण तपासायचे तर आहेतच.

तिने रजा घेतली होती, दिवसभर साड्या इस्त्री करत होती. कुठली बरी दिसेल हे आईला विचारलं. मी तिथेच बसलो होतो. हिरवीच बरी, असं माझंही मत होतं.

रविवार, २१ डिसेंबर. सकाळी.

निघाल्या. आई पुढच्या सीटवर, स्वेटर, कानटोपी, मांडीवर खणानारळाची पिशवी. महेश्वरी दारात उभी राहिली, पाठीला गिटार. भाजी फ्रीजमध्ये आहे, दुपारी पाणी येईल, टाकी भरून घ्या, मोटर चालू ठेवून झोपू नका, एवढं सांगितलं. मग थोडी थांबली.

मी संस्कृतात शुभेच्छा दिल्या.

आई जिन्यातून ओरडली, आमाला कळंल असं बोल की. तोवर टेम्पो सुरू झाला होता.

तोच दिवस. दुपारी.

पेपर सातही तपासले. पाणी भरलं. मोटर वेळेवर बंद केली.

घर शांत असलं की पेटीची खरी परीक्षा घेता येते. यंत्र चालू केलं. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर झाले, भुंग्यांच्या मिशांमधून उजेड आला. मग आवाज. घूं. खोल, भरदार, जमिनीतून आल्यासारखा. कुठेही खरखर नाही, फट नाही, कंप नाही. मी म्हणत होतो तसाच. दीड इंचाला पर्याय नाही.

आत वाजवायला काही नव्हतं. गिटार करमाळ्यात.

तरी पूर्ण तयारी असावी म्हणून प्रास्ताविक उभं राहून वाचून पाहिलं. वीसऐवजी सत्तेचाळीस मिनिटं झाली. काटछाट करावी लागेल. एक उणीव लक्षात आली: शेवटी 'आता महेश्वरी सादर करीत आहेत' असं वाक्य आहे, त्यापुढे जागा कोरी. भरून घेतो म्हणून पेन उघडलं. मग भाजी गरम करायला उठलो.

तोच दिवस. संध्याकाळी.

आईचा फोन. पलीकडे गलका, कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. आज मुक्काम करमाळ्यातच, शाकीरच्या मावशीकडे. उद्या दुपारी येतील. दर्शन झालं. गर्दी लई होती. आपली महेश्वरी खुर्चीवर बसली तेव्हा हात कापत होते तिचे, म्हणाली, मग थांबले. एका गाण्याला लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं. पुढे बसलेला एक म्हातारा रडत होता. आई स्वतःच्या रडण्याबद्दल काही बोलली नाही, पण नाक ओढत होती.

विचारलं, महेश्वरी आहे का तिथं. म्हणाली, बायकांनी घेरलंय तिला, फोटो काढत्यात, देऊ का. म्हटलं, राहू दे, असू दे घेरलेली.

मग विचारलं, आवाज कसा लागला, पेटीशिवाय.

आई म्हणाली, "पेटीचं सोड रे. त्या गाण्याला तू पायजे हुतास. त्येच, जे ती वरीसभर तुझ्या खोलीच्या भिंतीआड वाजवती. ठावं हाय की तुला."

म्हटलं, हो.

"कुटलं, सांग बघू."

म्हटलं, आई, आवाज तुटतोय. आणि फोन ठेवला.